गैरहजर हिस्सेदाराचा नांगर

तमाम लोकांस या लेखाने जाहीर करण्यात येते की, हे लिहिणारा पेन्शनर इसम अद्याप हयात आहे. ही ऐकीव बातमी नव्हे. शेजारच्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांनी मला प्रत्यक्ष पाहून, माझ्याशी दोन शब्द बोलून आणि खाली सही करून तसे सरकारला कळवले आहे. एक गृहस्थ वकील, दुसरे शाळेचे हेडमास्तर. सही करण्यापूर्वी वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे असे काही निरखून पाहिले की क्षणभर मलाच शंका आली.

हा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. नाही दिला तर पेन्शन बंद, म्हणजे सरकारच्या मते मी मेलो. अर्जात स्पष्ट छापलेले असते : अर्जदारास नावाने व चेहऱ्याने ओळखणारे दोन साक्षीदार. ती ओळ वाचली की दरवर्षी माझा हात थांबतो आणि अकोल्याच्या कचेरीतला एक कागद डोळ्यांपुढे येतो. त्या कागदावर एक नांगर होता आणि नांगराला एक बैल.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली ही हकीगत. मी तेव्हा अकोल्याला ठाणेदार. मूळचा नगरकडचा. बायको-मुले गावी आणि मी इथे एका खोलीत, स्वतःच्या हातची करपलेली भाकरी खाऊन सरकारचा अंमल बसवीत होतो. वऱ्हाडी बोली सुरुवातीला कानाला रांगडी लागे. कोणी 'काहून आले?' असे विचारले की वाटे, हा आपल्याला घालवून देतो आहे. सहा महिन्यांनी कळले की तो बसायला सांगत असतो.

या हकीगतीत मी कोणाचे नाव घेणार नाही. यातली साधी माणसे कोणाला आठवणार नाहीत, आणि बड्या माणसांचे नातू आज रस्त्यात मला नमस्कार करतात. तो नमस्कार मला चालू ठेवायचा आहे.

अकोल्याहून पायी दीड दिवसाच्या वाटेवर एक गाव. तिथला पाटील निपुत्रिक वारला. पाटील घराण्याच्या दोन पाती, थोरली आणि धाकटी, आणि दोन्ही पातींचा एकेक उमेदवार. थोरल्या पातीचा उमेदवार पस्तिशीचा, भरदार मिशांचा, बोलण्यात पटाईत. त्याला आपण थोरला म्हणू. धाकट्या पातीचा एक गरीब स्वभावाचा म्हातारा होता. पाटीलकी मिळाली तर घ्यावी, नाही तर झोपावे, अशा मताचा.

वरून हुकूम आला की वतनाच्या सर्व हिस्सेदारांची संमती घ्या आणि जास्त संमती ज्याला, तो पाटील. जे गावात हजर असतील त्यांनी चावडीत तहसीलदारांसमोर तोंडाने सांगावे. पण त्या वर्षांत गावात हजर होतेच किती? कोणी गाड्या घेऊन मुंबईच्या वाटेला, कोणी आगगाडीच्या मातीकामावर, कोणी अमरावतीच्या कापूस बाजारात गठाणी वाहायला. म्हणून गैरहजर हिस्सेदारांसाठी अर्जाची सोय निघाली आणि सोयीबरोबर अटी निघाल्या. अर्ज मुद्रांकाच्या कागदावर हवा. अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, हिस्सा किती, सध्याचा मुक्काम कुठे, गैरहजर राहण्याचे कारण काय, संमती कोणाला, हे सारे हवे. सही किंवा निशाणी अर्जदाराने स्वतःच्या हाताने केलेली हवी. अर्ज दुसऱ्याने लिहिला असेल तर खाली लिहिणाराचे नाव हवे. आणि सर्वांत शेवटी, अर्जदारास नावाने व चेहऱ्याने ओळखणारे दोन साक्षीदार, त्याच मुक्कामाचे.

तहसील कचेरीतल्या शिरस्तेदाराला, म्हणजे मुख्य कारकुनाला, या अटी तोंडपाठ होत्या. एखादा गवई चीज म्हणतो तशा तो त्या म्हणून दाखवी, आणि साक्षीदारांच्या अटीवर आल्यावर डोळे मिटी.

अमरावती-खामगावच्या बाजारांत दवंडी पिटून गैरहजरांची यादी नावानिशी वाचली गेली. मुदतीत नऊ अर्ज मंजूर झाले. नऊही अर्जांत कुठे खोट नव्हती, आणि नऊही थोरल्याच्या बाजूने होते. शिरस्तेदार मला म्हणाला, ठाणेदारसाहेब, आपली रयत किती सुधारली पाहा. मी पोलीस खात्यातला माणूस. रयत सुधारली असे कोणी म्हणाले की मी आधी माझा खिसा चाचपतो. पण फिर्याद नव्हती, तेव्हा माझा संबंधही नव्हता.

फिर्याद चालत आली. म्हणजे ती फिर्याद आहे हे मला कळले नाही आणि आणणारीलाही माहीत नव्हते.

सकाळी हजेरी घेऊन, रोजनामा लिहायला बसलो होतो. ठाण्याच्या पायरीवर एक म्हातारी येऊन बसली. मांडीवर एक घोंगडी, नीट घडी घातलेली. शिपायाने दोनदा उठवले, ती दोनदा उठून पुन्हा बसली. शेवटी मी विचारले, काय झाले, चोरी का मारामारी?

"चोरी नाई न् काई नाई, बाप्पा," ती म्हणाली. "मले माया पोराचा कागद पाहाचा हाय."

हळूहळू उलगडा झाला. ती त्या गावची, धाकट्या पातीतली एक विधवा. मुलगा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हते. आठवड्यापूर्वी थोरला भर चावडीत मिशीला पीळ देऊन म्हणाला की, म्हातारे, तुझ्या पोरानेसुद्धा अमरावतीहून माझ्या नावाचा अर्ज धाडला. थोरल्याला वाटले ती चिडेल. ती घरी गेली, घोंगडी धुतली, वाळवली आणि अकोल्याला चालत निघाली. दोन दिवस तहसीलच्या दारात बसली, तिथून हाकलल्यावर माझ्याकडे आली. तिचा हिशोब सरळ होता. पोराचा कागद ज्या सरकारला पोहोचतो, त्या सरकारला पोराचा ठिकाणा ठाऊक असणार, आणि मग त्या सरकारला एक घोंगडी पोहोचवणे जड नाही.

खरे सांगायचे तर मला तिची दया आली म्हणून मी उठलो नाही. शिरस्तेदाराची जिरवायची ही संधी बरी वाटली म्हणून उठलो. दया नंतर आली.

शिरस्तेदाराने कुरकुरत तो अर्ज काढून दिला. म्हातारीला अक्षर येत नव्हते. मजकुराकडे तिने पाहिलेही नाही. तिचे बोट सरळ खाली निशाणीवर गेले. ज्यांना लिहिता येत नाही ते आपल्या धंद्याचे चित्र काढून सही करतात, हे वाचकांना ठाऊक असेल. शेतकरी नांगर काढतो, वाणी तराजू, बाईमाणूस बांगडी. या अर्जावर छान रेखीव नांगर होता.

म्हातारीने बोट नांगरावरून फिरवले. मग तिने बोट मागे घेतले.

"हा माया पोराचा नाई."

शिरस्तेदार हसला. नांगर तो नांगर, त्यात तुझा-माझा काय, असे म्हणाला.

"तुमी कधी धरला हाय का नांगर?" तिने विचारले. प्रश्न खोचक नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

मग तिने मला समजावले. घराण्याची वाटणी झाली तेव्हापासून थोरल्या पातीच्या नांगराचे रुमणे, म्हणजे नांगर्‍याने धरायची मूठ, कागदावर उजव्या हाताला काढतात. धाकट्या पातीचे डाव्या हाताला. दोन घरांचे कागद एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कोण्या जुन्या पाटलाने घालून दिलेली रीत. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. अकोल्यात कोणालाच ठाऊक नाही. मी नऊही अर्ज मागून घेतले. नवांपैकी सात हिस्सेदार धाकट्या पातीचे होते. नऊही नांगरांची रुमणी उजवीकडे होती.

माझ्या अंगातला पोलीस आनंदाने उभा राहिला. बनावट दस्तऐवज, नऊ नग, एकाच हातचे! मी विजयी मुद्रेने म्हातारीकडे वळलो, आणि माझी मुद्रा तिथेच विरघळली. ती खाली बसून घोंगडीची घडी उलगडून पुन्हा घालत होती. कागद खोटा ठरला म्हणजे माझा खटला उभा राहत होता. तिचे मात्र होते-नव्हते तेवढे जात होते. आठवडाभर तिचा मुलगा जिवंत होता, आणि त्याला मी आत्ताच, मोठ्या हुशारीने, पुन्हा बेपत्ता केला होता.

काहीतरी बोलायचे म्हणून मी शिरस्तेदाराला विचारले, नामंजूर झालेले अर्ज असतात का?

"एकच आहे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. "असा अर्ज माझ्या नोकरीत आला नाही. पाहाच तुम्ही." त्याने कागद काढला आणि एकेक दोष बोटावर मोजून दाखवले. साक्षीदार एकही नाही. लिहिणाराचे नाव नाही. मुक्काम 'अमरावती, कापसाचा बाजार' एवढाच, जणू बाजार म्हणजे घर. आणि त्याच नावाचा रीतसर अर्ज दप्तरात असताना हा दुसरा! आणि निशाणी! "निशाणी म्हणजे नांगर, साहेब. याने नांगराला जनावर जोडले आहे. दस्तऐवजात जनावर!"

मी कागद म्हातारीसमोर धरला. वेडावाकडा नांगर होता. रुमणे डावीकडे. पुढे एक बैल, शिंगे पोटापेक्षा मोठी.

तिने कागद घेतला नाही. नुसता अंगठा बैलावर टेकवला.

"हा," ती म्हणाली. "लहानपनापासून नांगराले बैल जोडते तो. त्याचा बाप रागवे, सही हाय का बैलपोळा हाय म्हने. ऐके नाई." मग म्हणाली, "जोडी काढे तो. दोन बैल." तिने अंगठा बैलाशेजारच्या रिकाम्या जागेवर नेला. "आता एकच काढला. बराबर हाय."

काय बरोबर आहे ते मला कळेना. अर्जात गैरहजर राहण्याच्या कारणाची जागा होती. बाकी नऊ अर्जांत तिथे 'व्यापारानिमित्त' असे सुवाच्य अक्षरात होते. या अर्जात लिहिले होते : 'घरी तोंड दाखवण्याजोगे राहिले नाही.' शिरस्तेदार म्हणाला, हे कारण ग्राह्य कारणांत बसत नाही. मी ती ओळ तिला वाचून दाखवली. न दाखवली असती तर बरे झाले असते का, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

तिला दोन मुलगे होते. कापसाला भाव आला, तशी मोठ्या मुलाने, म्हणजे या अर्जदाराने, गाडी काढली. म्हातारी नको म्हणत असता धाकट्या भावालाही बरोबर नेले. बोरगावच्या पुढे त्या भावाला पटकी झाली आणि तो रस्त्यातच गेला. ही बातमी एका गाडीवानाने गावात आणली. म्हातारी त्या गाडीवानाला म्हणाली होती की, त्याले सांगजा, एक नेला, आता तुयंई तोंड मले दाखवू नोको.

"त्या गाडीवानानं सांगाचं नोतं ना," ती म्हणाली. "मानसं कितीक गोष्टी इसरते. हे बरं ध्यानात ठेवलं त्यानं."

पुढचा तपास सोपा होता, आणि थोडा मजेदारही. नऊ अर्जांवर लिहिणारा म्हणून अकोल्याच्या एका अर्जनवीसाचे नाव होते. त्याला ठाण्यावर बोलावले. अर्जनवीस मंडळींना धाकदपटशा दाखवून उपयोग नसतो. त्यांना धाक कोणत्या कलमाखाली येतो हे ठाऊक असते. मी त्याच्यापुढे कागद आणि लेखणी ठेवली आणि म्हणालो, मला एक अर्ज लिहून पाहिजे. अर्जदार तुम्ही. नऊ माणसे अमरावतीला होती आणि त्यांचे अर्ज अकोल्यात तुमच्या हातचे कसे, त्याचे कारण लिहा. आणि खाली तुम्हाला ओळखणारे दोन साक्षीदार घाला, पण तुमच्या मेव्हण्याचे नाव नको, ते आधीच नऊ ठिकाणी अमरावतीचा रहिवासी म्हणून आले आहे. दुसरा साक्षीदारही नको, तो दोन वर्षांपूर्वी वारला आहे.

त्याने दोन ओळी लिहिल्या आणि लेखणी खाली ठेवली. थोरल्याच्या गोठ्यात बसून एका दुपारी त्याने नऊही अर्ज लिहिले होते. निशाण्या मात्र थोरल्याने स्वतः काढल्या. दुसऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याला धाकट्या पातीची रीत ठाऊक नव्हती असे नाही. पण मुठीत लेखणी धरली की हात आपोआप उजवीकडेच रुमणे काढी. लहानपणी एकदा चेष्टेने डावा नांगर काढला म्हणून बापाने म्हणे त्याच्या हातावर कासरा ओढला होता. कासरा लक्षात राहिला हातालाच.

थोरल्याने सारे नाकारले. अर्जनवीस फितूर, मेव्हणा दारुडा, म्हातारी वेडी. तहसीलदार सरळ मनाचे पण सावध गृहस्थ. ते मला म्हणाले, रुमणे उजवीकडे का डावीकडे हे कोणत्या कायद्यात आहे? गैरहजर हिस्सेदारांपैकी एक तरी माझ्यासमोर उभा करा आणि हा अर्ज माझा नाही असे त्याच्या तोंडून वदवा. आठ जण मुंबईच्या वाटेवर आणि मातीकामावर कुठे विखुरले होते ते देव जाणे. उरला अमरावतीचा.

घोंगडी घेऊन मी अमरावतीला गेलो.

कापसाचा बाजार तेव्हा पाहण्यासारखा होता. गाड्यांच्या रांगा वलगावच्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, हवेत सरकीचे तूस, आणि कापूस एवढा की माणसे त्यात दिसत नसत. मी दोन दिवस एका नावाने विचारत फिरलो. ते नाव कोणालाच माहीत नव्हते. अडते हमालांना गावाच्या नावाने हाका मारीत, नाही तर व्यंगाने. लंगडा, चकणा, अकोला, हिवरखेड. नावाची गरज कोणाला पडलीच नव्हती. संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसलो असताना माझ्या लक्षात आले की दोन दिवसांत माझेही नाव कोणी विचारले नव्हते. मी 'पोलीस' होतो. अकोल्यात 'ठाणेदार' होतो. माझ्या नावाने मला हाक मारणारे जवळचे माणूस नगर जिल्ह्यात होते.

तिसऱ्या दिवशी दवंडी पिटवली. त्याचे नाव, बापाचे नाव, गाव. पोलिसाकडे हजर व्हावे. परिणाम तत्काळ झाला. बाजारातून सतरा जण पळून गेले, आणि त्या आठवड्यात अमरावतीत एकही चोरी झाली नाही. तिथल्या ठाणेदाराने माझे आभार मानले.

दुपार उलटल्यावर एक माणूस ओट्यासमोर येऊन उभा राहिला. केसांत कापूस, खांद्यावर पोत्याचा तुकडा. तिशीचा असेल, पन्नाशीचा दिसत होता.

"ते नाव मायं हाय," तो म्हणाला.

मी त्याला बसवले. दोन्ही अर्ज दाखवले. रेखीव नांगराकडे पाहून तो म्हणाला, हा थोरल्या घरचा. मग मी विचारले, तुझ्या अर्जावर साक्षीदार का नाहीत? दोन साक्षीदार असते तर हाच अर्ज मंजूर झाला असता.

"कोनाले नेऊ, सायेब? त्या लिहिनाऱ्यानं सांगतलं, तुले नावानं वळखनारे दोन पायजे. मी बाजारभर फिरलो. वळखते सारे. नावानं कोनी नाई वळखत." तो केसांतला कापूस काढू लागला. "त्यानंई मंग आपलं नाव नाई घातलं खाली. म्हने, तू कोन हायस मले काय मालूम."

मग अर्ज केलासच कशाला, मी विचारले. पाटील कोण होतो याच्याशी तुझे काय?

यावर तो पहिल्यांदा थोडा हसला. त्याने सांगितले की गैरहजरांची दवंडी पिटली तेव्हा तो गठाणीवर उभा होता. आधी गावाचे नाव आले, मग एकेक माणूस, मग त्याचे स्वतःचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. चार वर्षांत ते नाव पहिल्यांदा कोणी घेतले होते.

"म्या म्हनलं, गैरहजर तं गैरहजर. यादीत तं हाय मी."

मी घोंगडी पुढे केली. कोणाची, ते सांगावे लागले नाही. त्याने ती पांघरली नाही, उलगडलीही नाही. छातीशी धरून बसला, आणि मी बाजाराकडे पाहत बसलो. पोलिसाने कधी दुसरीकडे पाहावे हे शिकवणारी कोणतीही नियमावली मला नोकरीत मिळाली नाही.

आता अशा आठवणींच्या शेवटी बोध सांगण्याची रीत आहे. तो मी इथेच सांगून टाकतो, कारण शेवटाला माझ्या बोलण्याची जागा नाही. मी पुढे पंचवीस वर्षे नोकरी केली आणि खोटे कागद ओळखण्यात थोडे नाव कमावले. त्याची युक्ती एवढीच, की जो कागद सर्व अटी पुऱ्या करतो त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा पाहतो. खऱ्या माणसाच्या कागदात कुठेतरी उणीव असते. लबाड माणसाला साक्षीदार हवे तितके मिळतात. एकट्या माणसाला दोन मिळत नाहीत. अट करणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. अट नसती तर थोरल्याने नऊच्या जागी नव्वद अर्ज आणले असते. पण त्या अटीच्या जाळ्यातून लबाड सुटला आणि खरा अडकला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

थोरल्याला शिक्षा झाली. पाटीलकी धाकट्या पातीच्या त्या झोपाळू म्हाताऱ्याला मिळाली, आणि त्याने ती झोपेतच उत्तम चालवली. म्हातारीचा मुलगा गावी परतला. पुढे माझी बदली कुठेही झाली तरी दर दिवाळीला टपालाने एक कागद येई. मजकूर काही नाही; मधोमध नांगर, रुमणे डावीकडे. अलीकडे तीन वर्षे तो कागद आलेला नाही. चौकशी करता येईल. मी अजून केलेली नाही. कागद येत होता तेव्हा माझी बायको हयात होती. ती तो देवघराशेजारी ठेवायची. आता घरात माझ्या नावाची गरज कोणाला पडत नाही. वर्षातून एकदा वकील आणि हेडमास्तर यांना पडते, तेवढीच.

आणि आता अकोल्याची कचेरी.

तहसीलदार मध्यभागी, शिरस्तेदार डाव्या बाजूला, पलीकडे थोरला आपल्या चार माणसांसह, आणि मागे भिंतीशी म्हातारी. मायलेकांची भेट कचेरीच्या आवारात झाली होती. त्या भेटीबद्दल मला काही लिहिता येणार नाही, कारण मी पुन्हा दुसरीकडे पाहत होतो. तहसीलदारांनी त्याची जबानी घ्यायला सुरुवात केली, तोच थोरला हात जोडून उठला. हुजूर, हा माणूस तो नव्हेच. तो चार वर्षांपूर्वी मेला. पोलिसांनी बाजारातून कोणी हमाल धरून आणला आहे. आम्ही एका आळीत वाढलो, मी ओळखणार नाही का? त्याच्या चारही माणसांनी माना हलवल्या.

म्हातारी म्हणाली, माया पोरगा हाय. शिरस्तेदाराने लिहून घेतले आणि डोळे मिटून म्हणाला, ओळख पटवणारे साक्षीदार दोन लागतात. एक झाली.

गावची आणखी पाच-सहा माणसे दारात उभी होती. मी एकेकाकडे पाहिले. थोरला त्यांच्याकडे पाहत होता म्हणून ती माणसे आपल्या पायांकडे पाहत होती. कोणी पुढे आले नाही. म्हातारीचा मुलगा घोंगडी घेऊन मध्ये उभा होता. नावाच्या यादीत असलेला, स्वतःच्या जिल्ह्याच्या कचेरीत उभा असलेला, आणि तरी अजून गैरहजर.

तहसीलदारांनी मला विचारले, दुसरा साक्षीदार आहे का? मी म्हणालो, नाही. त्यांनी एक उसासा टाकला आणि म्हणाले, निदान निशाणी तरी इथे करून दाखव.

त्याला कागद दिला. तो खाली बसला, कागद फरशीवर ठेवला आणि लेखणी मुठीत धरून काढू लागला. आधी फाळ, मग रुमणे, डावीकडे. मग लांब दांडी, मग जू. मग एक बैल, मोठ्या शिंगांचा. सगळे वाकून पाहत होते, आणि सगळ्यांत जास्त वाकला होता थोरला. कधी काळी याच दोघांनी कोळशाने चावडीची भिंत काळी केली असणार.

बैल पुरा झाला. त्याने लेखणी खाली ठेवली. जुवाची दुसरी बाजू रिकामीच होती.

थोरल्याच्या तोंडून सहज निघून गेले :

"अबे, तू तं सदा जोडी काढे ना. दुसरा बैल कुठी गेला तुया?"